सरितासंचारशास्त्र: क्युपर्टिनोवासी मराठी मित्रमंडळींसाठी संक्षिप्त मार्गदर्शन

१. व्याख्या आणि स्थलविचार

वल्हवता येण्याजोग्या लहान नावेतून, मित्रांसमवेत, स्वखुशीने आणि परतण्याच्या इच्छेसह नदीवर केलेल्या प्रवासास प्रस्तुत विवेचनात ‘सरितासंचार’ असे म्हटले आहे. त्यातील ‘स्वखुशीने’ हे विशेषण प्रत्येक कुटुंबातील फार तर एका व्यक्तीस लागू पडते, हे आरंभीच नमूद केलेले बरे. या संचाराची साधने दोन आहेत. कयाक ही आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांनी शिकारीसाठी घडवलेली, मूळची कातड्याने मढवलेली अरुंद नाव असून, तिच्यात पाय पसरून जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसावे लागते आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने आळीपाळीने डावीउजवीकडचे पाणी मागे सारावे लागते. कॅनो ही वरून उघडी नाव होय. तिचे नाव कॅरिबियन बेटांवरील भाषेतून स्पॅनिश खलाशांमार्फत जगभर पसरले, आणि तिच्यात किंचित उंच फळीवर बसून किंवा गुडघे टेकून एकाच पात्याच्या वल्ह्याने काम भागवतात. व्यवहारात या दोहोंतील फरक इतकाच, की कयाकमध्ये माणूस बसताक्षणी भिजतो, तर कॅनोमध्ये तो आपण कोरडे राहू या भ्रमात बराच काळ राहून मग भिजतो.

आता स्थलविचार. क्युपर्टिनो हे नाव मुळात गावाचे नसून ओढ्याचे आहे. १७७६ च्या मार्चमध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्सा यांच्या मोहिमेतील पाद्री पेद्रो फोंत यांनी वाटेत लागलेल्या एका ओढ्यास संत जोसेफ ऑफ कोपर्टिनो यांचे नाव दिले. सतराव्या शतकातील हे इटालियन संत प्रार्थनेत तल्लीन झाले असता जमिनीपासून वर उचलले जात अशी श्रद्धा असून, ते वैमानिकांचे आणि परीक्षार्थींचे कैवारी मानले जातात. गावातील पालकवर्गाची एकूण जीवनदृष्टी पाहता फोंत यांच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही, मात्र हवेत तरंगणाऱ्या या संतांनी पाण्यावर तरंगणाऱ्यांची जबाबदारी घेतल्याची नोंद नाही. १८४४ मध्ये सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून प्रथमच बैल जुंपलेल्या गाड्या कॅलिफोर्नियात आणणाऱ्या तांड्याचे प्रमुख एलिशा स्टीफन्स पुढे या ओढ्याकाठी स्थायिक झाले आणि ओढा, स्पेलिंगमध्ये थोडा बदल होऊन, स्टीव्हन्स क्रीक झाला. १९३५ मध्ये त्यावर धरण बांधले गेले, ज्याचा प्रमुख हेतू पावसाळी पाणी अडवून ते सावकाश जमिनीत मुरवणे हा होता. परिणामी आज स्टीव्हन्स क्रीक हे बहुसंख्य रहिवाशांस एका रुंद रस्त्याचे नाव म्हणून ठाऊक आहे आणि उन्हाळ्यात ओढ्यापेक्षा त्या रस्त्यालाच अधिक प्रवाह असतो. ज्या गावाने आपले नाव पाण्याकडून घेतले, त्या गावातील लोकांना नदीसाठी शंभर मैल जावे लागते, हा या शास्त्राचा मूलाधार होय.

२. संघटन

सरितासंचाराचा प्रत्यक्ष जलभाग सुमारे तीन तासांचा, तर पूर्वतयारीचा भाग सुमारे तीन महिन्यांचा असतो, म्हणून अभ्यासकाने आपली शक्ती त्याच प्रमाणात वाटून द्यावी. प्रथम व्हॉट्सॲपवर स्वतंत्र समूह स्थापन करावा, त्यास नदीशी संबंधित एखादे विनोदी नाव द्यावे आणि तारखांवर मतदान घ्यावे. येणाऱ्या उत्तरांचा अर्थ लावण्यास काही सराव लागतो: ‘नक्की’ म्हणजे अनिश्चित, ‘बघतो, कळवतो’ म्हणजे नकार, आणि ‘तुम्ही ठरवा, आम्ही आहोतच’ म्हणजे जे ठरेल त्यावर घेतला जाणारा आक्षेप. शनिवारी बुद्धिबळ व गणित, रविवारी मराठी शाळा व पोहण्याचा वर्ग, अशी मुलांची व्यवस्था असल्याने, पाण्यात पडल्यास उपयोगी पडावे म्हणून लावलेला पोहण्याचा वर्गच नदीवर जाण्यातील प्रमुख अडथळा ठरतो, असे अनेकदा दिसून येते.

सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आईबाबा हा संघटनेतील स्वतंत्र घटक होय. त्यांना नावेत बसवू नये, परंतु काठावर खुर्ची टाकून अवश्य बसवावे, कारण ‘जपून रे, पाण्याचं काही सांगता येत नाही’ हे वाक्य योग्य क्षणी उच्चारले गेल्याखेरीज कोणताही मराठी जलप्रवास विधिवत सुरू झाला असे मानता येत नाही.

३. नदीची निवड

नद्यांच्या अवघडपणाचे पहिला ते सहावा असे सहा वर्ग जगभर मानले जातात. पहिल्या वर्गात पाणी संथ वाहते, तिसऱ्यात लाटा उसळतात व खडकांमधून नाव वळवावी लागते, आणि सहाव्यात जाणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिलेले नाही. गावातील शिरस्त्याप्रमाणे मुलांनी शाळेत वरच्या वर्गात बसणे प्रतिष्ठेचे असले, तरी पालकांनी नदीवर खालच्या वर्गात बसण्यात कमीपणा मानू नये.

अगदी नवख्यांनी सुमारे पन्नास मैलांवरील मॉस लँडिंग येथे जाऊन एल्कहॉर्न स्लू या खाडीत सराव करावा. तेथे समुद्री ऊदमांजरे पाठीवर पडून पोटावर शिंपले फोडत असतात. त्यांच्यापासून पाच कयाकांच्या लांबीइतके अंतर राखावे, असा संकेत आहे. खाडीत भरतीबरोबर आत जावे व ओहोटीबरोबर बाहेर यावे हे उत्तम. मात्र दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि परतताना तो तोंडावर येतो, म्हणून ज्यांची सकाळची निघण्याची वेळ नाश्त्याच्या आग्रहामुळे अकरावर जाते, त्यांना वल्हवूनही जागेवर राहण्याचा दुर्मीळ अनुभव मिळतो.

पहिल्या खऱ्या नदीप्रवासासाठी उत्तरेकडील रशियन रिव्हर योग्य. १८१२ मध्ये किनाऱ्यावर फोर्ट रॉस ही वसाहत उभारणाऱ्या रशियनांवरून हे नाव पडले. फॉरेस्टव्हिल ते गर्नव्हिल हा सुमारे दहा मैलांचा टप्पा उन्हाळ्यात शांत असतो. दुतर्फा रेडवुडची झाडे आणि मधूनमधून गोट्यांची बेटे असल्याने डबे उघडण्यास जागेची कमतरता भासत नाही.

थरारप्रेमींनी दीडशेहून अधिक मैलांवरील अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेकडे वळावे, पण कयाकऐवजी वाटाड्या असलेल्या रबरी तराफ्यातून. याच नदीच्या काठी कोलोमा येथे २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल यांना सोने सापडले आणि कॅलिफोर्नियाचे नशीब बदलले; त्याच गावाच्या थोडे वर तिसऱ्या वर्गातील एक खळाळ असून त्याचे नाव ‘ट्रबलमेकर’, म्हणजे उपद्व्यापी, असे आहे. नदीचे मूळ शोधू नये असे म्हणतात. येथे मात्र ते अवश्य शोधावे, कारण उन्हाळ्यात या शाखेचे मूळ चिली बार धरणाच्या दरवाजात असते आणि पाणी केव्हा व किती सुटणार हे वेळापत्रकावर ठरते. कोलाडच्या कुंडलिकेवर वीजप्रकल्पाचे पाणी सुटण्याची वाट पाहत सकाळी ताटकळलेल्या मंडळींना येथे घरच्यासारखे वाटेल.

४. सामग्री

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार नावेत माणशी एक लाइफ जॅकेट असणे बंधनकारक असून १३ वर्षांखालील मुलांनी ते घातलेलेच असावे लागते. मोठ्यांना ते जवळ ठेवून चालते अशी पळवाट यातून निघते, परंतु उलटलेल्या नावेतले जॅकेट पाण्यात गाठून, पकडून व बक्कल लावून घालणे हे चालत्या गाडीमागे धावत पट्टा लावण्याइतके सोपे असल्याने सुज्ञांनी ते काठावरच चढवावे. ‘पाण्यात पडले की पोहता येते’ ही म्हण रचणाऱ्याने सिएरातील वितळलेल्या बर्फाचे पाणी पाहिलेले नसावे. त्या पाण्यात पडले की प्रथम श्वास अडकतो, आणि पोहण्याचा विचार नंतर येतो.

आहाराच्या बाबतीत, तीन तासांच्या संचारास दोन दिवसांची शिदोरी हे प्रमाण रूढ आहे. बटाटेवडे, दडपे पोहे, मेथीचे ठेपले, चिवडा आणि चहाचा थर्मास यांखेरीज नाव पाण्यात लोटू नये. ठेच्याची बरणी जलाभेद्य पिशवीत ठेवून मोबाइल खिशात ठेवणे हा प्राधान्यक्रम चुकीचा असला, तरी तो सर्वत्र आढळतो.

५. गाड्यांचा प्रश्न

नदी एकाच दिशेने वाहत असल्याने प्रवासाचा आरंभ व शेवट वेगवेगळ्या ठिकाणी होतो आणि त्यामुळे एक गाडी आधीच शेवटच्या ठिकाणी नेऊन ठेवावी लागते. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार नेण्याचे कोडे बालपणी सोडवलेल्या व पुढे त्याच बळावर संगणकक्षेत्रात नावारूपास आलेल्या सहा जणांना तीन गाड्या, चार मुले आणि दोन बर्फपेट्या यांचे हे कोडे सुटण्यास साधारण पाऊण तास लागतो. सर्व हिशेब बिनचूक जुळल्यानंतर, दहा मैल वल्हवून शेवटच्या काठाला लागल्यावर, तेथे उभ्या गाडीची किल्ली आरंभीच्या काठावरील गाडीत राहिल्याचे लक्षात येते. हा दोष आहे असे समजू नये. तो या विधीचा भागच आहे.

६. जलाचार

दोघांच्या कयाकमध्ये पुढचा वल्ह्याची लय ठरवतो आणि मागचा दिशा सांभाळतो; म्हणजेच पुढच्यास मागचा दिसत नाही आणि मागच्यास पुढच्याच्या चुकांखेरीज काही दिसत नाही. अशा नावेस वल्हवणाऱ्या जगात ‘घटस्फोटाची नाव’ असे टोपणनाव आहे, त्यामुळे पतिपत्नींनी शक्यतो वेगळ्या नावांत बसावे. तसे न जमल्यास ‘अरे डावीकडे’, ‘कोणाच्या डावीकडे?’ हा संवाद नाव गोल फिरू लागण्यापूर्वी आटोपता घ्यावा.

काही नियम मात्र विनोदाबाहेरचे आहेत. काठावरचे झाड पाण्यात कोसळलेले असेल, तर त्याच्या फांद्यांतून पाणी चाळणीतल्यासारखे पार होते आणि माणूस अडकतो, म्हणून अशा जागेपासून दुरूनच नाव वळवावी. नावेतून पडल्यास वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण तळाच्या दगडांत पाय अडकला की प्रवाह माणसाला पालथा पाडतो. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे व बोटे वर ठेवून, संथ पाणी येईपर्यंत वाहत जावे. ऑफिसमधील फेररचनेच्या काळात बहुतेकांनी हेच तंत्र आत्मसात केलेले असल्याने त्याचा स्वतंत्र सराव लागत नाही.

७. उपसंहार

सरितासंचार नदीवर संपत नाही. तो स्प्लिटवाइज नामक हिशेब-ॲपवर संपतो, जेथे ‘आम्ही वडे खाल्लेच नाहीत’ हा मुद्दा पुढील आठवडाभर चर्चिला जातो. परतीच्या वाटेवर रात्री उशिरा गाड्या स्टीव्हन्स क्रीकवरील पुलावरून जातात. तो ओढा त्या वेळी अंधारात आपल्या थोड्याशा पाण्यानिशी खाडीकडे निघालेला असतो, आणि मागच्या सीटवर ओल्या टॉवेलात झोपलेली मुले वगळता सारे जण पुढच्या वर्षीच्या नदीबद्दल बोलत असतात. त्या ओढ्याच्या काठाने घरापासून पायी चालत जाता येते. परंतु त्यास तारखांवर मतदान, दुसरी गाडी वा किल्ली यांपैकी काहीच लागत नसल्याने विद्वानांनी त्याची गणना अद्याप सहलींत केलेली नाही.