अक्रोडवाले अप्पा

मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले अप्पा अमेरिकेतल्या कुठल्याही गावात सापडतात. मिझुरीतले अप्पा मात्र ऑक्टोबरात बिथरतात, कारण तिथे त्या महिन्यात रस्त्याकडेला, लोकांच्या हिरवळीवर, चक्क अक्रोड पडलेले असतात आणि कुणी ढुंकून बघत नाही. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात उभा जन्म काढलेल्या माणसाला हे बघवणार कसं? "पुण्यात काय भाव आहे, कल्पना आहे का?" असं ते आधी मुलीला, मग जावयाला आणि शेवटी कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंना विचारतात. बाई हसून हात हलवतात. अप्पा ती परवानगी समजतात.

हे काळे अक्रोड म्हणजे काश्मिरी अक्रोडाचे रानदांडगे चुलतभाऊ. वर जाड हिरवी साल. ती सोलली की हातांवर धोब्याच्या बिब्ब्यासारखा डाग बसतो आणि साबणाला भीक घालत नाही. हातमोजे दुकानात होते, पण ते विकत आणायचे तर खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा? त्यामुळे तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत अप्पा चकल्यांचं ताट घेऊन फिरले, तेव्हा प्रत्येकाने "नुकतंच खाल्लं" असं सांगितलं.

साल काढायची तिथली एक रीत अशी, की अक्रोड पसरायचे आणि वरून गाडी न्यायची. ही रीत अप्पांना फार आवडते, कारण तीत सूचना देता येतात. "जावईबापू, मागे घ्या... अजून... थांबा! डावीकडचा एक सुटला!" मग अक्रोड पाण्यात टाकायचे, तरंगतील ते पोचट म्हणून फेकायचे. फेकताना अप्पांचा जीव तुटतो. उरलेले गॅरेजमध्ये वाळत पडतात, गाडी बाहेर थंडीत. खारी नेतात त्यांची रोज 'घट' या सदरात नोंद.

फोडणं हा वेगळाच अध्याय. आपल्याकडे अक्रोड दाराच्या फटीत धरून फोडतात, तसा अप्पांनी धरला. अक्रोड शाबूत राहिला, चौकट गेली. नंतर हातोडा, मग गॅरेजची फरशी. अख्ख्या सकाळीत वाटीभर चुरा निघतो, त्यातही अर्धं कवच. नातू एक कण तोंडात घालून थुंकतो. "उग्र आहे, म्हणजे औषधी असणार," अप्पा.

विक्रीचा मार्गही आहे. मिझुरीतल्या स्टॉकटन गावी १९४६ पासून रानातल्या अक्रोडांचा कारखाना आहे. हंगामात त्यांची खरेदी केंद्रं गावोगावी उघडतात. "बाबा, तुमचा व्हिसा फिरायला आलेल्यांचा आहे, धंदा करायचा नाही!" मुलगी कळवळून सांगते. ठीक, विक्रेता जावई, अप्पा लेखापरीक्षक.

केंद्रावर यंत्र साल काढतं आणि त्यानंतरच वजन होतं. शंभर पौंडांना मोजकेच डॉलर. म्हणजे घरी केलेली सगळी सोलाई फुकट गेली, पण श्रम हा खर्च अप्पांच्या वहीत कधीच नव्हता. वजन होईपर्यंत ते काट्यावरून नजर हलवत नाहीत. मग जावई सहज बोलून जातो, की हा कारखाना कवचही टाकत नाही, दळून विकतो. धातू घासून लख्ख करायला ते वापरतात.

"कवचाचेही पैसे येतात त्यांना?" अप्पा जागच्या जागी थांबतात. "जावईबापू, पावती परत द्या. गर वेगळा आणि कवच वेगळं दाखवून नवी करून आणा."