चालतंय ना? मग हात लावू नका!

लोअर परळच्या कुठल्याही जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शिरा. जाहिरात कंपन्या आणि दीडशे रुपयांची कॉफी ओलांडून मागच्या जिन्याने वर गेलात, की एखादा गाळा अजून खडखडताना सापडतो. आत पुठ्ठ्याचे खोके कापणारं मशीन, शेजारी पिवळा पडलेला संगणक आणि त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद: 'चालू आहे. हात लावू नये. हुकुमावरून, भाऊ.'

भाऊ ही एक व्यक्ती नसून जमात आहे. शिक्षण आयटीआय, उमेदवारी गिरणीत. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि हातात स्क्रू ड्रायव्हर तेवढा राहिला. पुढे मशिनींना पीएलसी नावाचा मेंदू आला, त्या मेंदूत प्रोग्राम भरायला संगणक आला, आणि या दोघांत अबोला झाला की मिटवायला भाऊ आले. फोन उचलल्यावर ते 'हॅलो' म्हणत नाहीत. 'कोणी हलवलं?' असं विचारतात.

कोणीतरी हलवलेलं असतंच. शेठचा मुलगा दिवाळीला नवा संगणक आणतो, जुना प्रोग्राम त्यावर टाकतो आणि पडद्यावर उमटतं, 'रनटाइम एरर २००'. शेठ म्हणतात, डबा निघाला. भाऊ चष्मा कपाळावर सरकवून निदान करतात, "डबा नाही शेठ, जास्त हुशार आहे. जरा मंद बघून आणा."

हे खरं असतं, हीच तर पंचाईत. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले त्या काळातले बरेच प्रोग्राम सुरू होतानाच संगणकाचा वेग मोजून घेतात. वेग साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेला, की भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही आणि प्रोग्राम तिथेच मान टाकतो. फाइलला ठिगळ लावलं की भागतं आणि ते ठिगळ भाऊंच्या पिशवीत असतंही. पण शेठना अर्धा तास घाम फुटल्याशिवाय पिशवीची चेन उघडत नाही. बिलाची मशागत म्हणतात ती हीच.

मग केबलचा अध्याय. मशीनची केबल नऊ पिनांची आणि नव्या संगणकाला तसलं भोकच नाही. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा कन्व्हर्टर येतो. विंडोज त्याला पोर्ट नंबर ११ देऊन मोकळं होतं. जुन्या प्रोग्रामला चारच्या पुढे मोजता येत नाही. भाऊ ११ चा २ करतात, पण कन्व्हर्टर शेजारच्या भोकात खोचला की नंबर पुन्हा बदलतो. म्हणून त्या एका भोकाभोवती त्यांनी लाल नेलपॉलिश लावलंय. कोणाचं, ते विचारायचं नाही.

व्हीजेटीआयमधून ताजा बाहेर पडलेला एक पोरगा एकदा म्हणाला, "काका, या विंडोज एक्स्पीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. व्हायरस आला तर?" भाऊ म्हणाले, "बाळा, याला इंटरनेटच नाही. व्हायरस काय दादर स्टेशनवरून चालत येणार?" पोराने मग त्यांना २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेटची गोष्ट सांगितली: इराणमध्ये नतांझच्या अणुप्रकल्पातली नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या जगापासून तोडलेली होती, तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आत शिरला आणि सेंट्रिफ्यूज बिघडवून गेला. भाऊ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संगणकाची सगळी यूएसबी भोकं एम-सीलने बुजवलेली होती. नेलपॉलिशवालं सोडून.

त्याच पोराने पुढे एक्स्पीसकट अख्खा जुना संगणक नव्याच्या पोटात बसवून दाखवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. प्रोग्रामला आपण घर बदललंय याचा पत्ताच लागत नाही. भाऊ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे मी घरी केलंय."

केलं होतंच. आमचे हे भाऊ वरळीच्या बीडीडी चाळीतले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या, त्यांत हेही. १६० चौरस फुटांतून थेट ५०० फुटांत. सामान हलवण्याआधी त्यांनी खोलीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मापं घेतली, आणि नव्या घराच्या हॉलमध्ये जुनी खोली जशीच्या तशी मांडली: पलंग, कपाट, देव्हारा, मिसळणाचा डबा, सगळं जुन्याच अंतरावर. बेडरूम रिकामी आहे. "नवा नळ कधी दगा देईल सांगता येत नाही," म्हणून पिंपसुद्धा हॉलमध्ये. वहिनींनी पिंप एकदा गॅलरीत नेलं, तेव्हा फोनवरच्याच आवाजात विचारणा झाली: "कोणी हलवलं?"

हल्ली गाळे वसई-भिवंडीकडे चाललेत, त्यामुळे भाऊंचा अर्धा दिवस लोकलमध्ये जातो. हाताखाली मुलगा ठेवा म्हटलं तर म्हणतात, पोरांना धीर नाही, आधी फॉरमॅट मारतात. मूळ प्रोग्राम कोणत्या फ्लॉपीत, त्याचा पासवर्ड काय, हे त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलं तर फोन कशाला येईल? भाऊंबद्दल माझी एवढी एकच तक्रार आहे, पण ती गंभीर आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्या गाळ्यात असा पिवळा संगणक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देऊ नका. आधी त्याच्या हार्डडिस्कची अख्खी नक्कल काढून ठेवा. भाऊंना विचारून काढा. ते नको म्हणतील, तरी काढा.