हृदयाचा पाणउतारा

‘आपलं डोकं शांत असतं बुवा’ असं चारचौघांत सांगण्याची मला हौस आहे. या हौसेवर शरीरशास्त्राने अक्षरशः पाणी ओतलं आहे. दम रोखून चेहरा गार पाण्यात घातला, की कपाळावरची, डोळ्यांभोवतीची ट्रायजेमिनल चेता मेंदूला वर्दी देते, मेंदू व्हेगस या दुसऱ्या चेतेमार्फत हृदयाला ‘हळू’ म्हणतो आणि ८० ठोके ६५-७०वर येतात. वर्षानुवर्षांच्या चिंतनाला जे जमलं नाही, ते मोरीतली बादली अर्ध्या मिनिटात करते. कुणी म्हणेल, गार पाण्याचा तांब्या अंगावर पडला की काळीज उलट धडधडतं, त्याचं काय? बरोबर आहे, पण ती अंगाच्या कातडीची बोंब. चेहऱ्याचं खातं वेगळं. बरं, ही करामत निव्वळ दम रोखण्याची म्हणावी, तर त्याने ठोके थोडे उतरतात हे खरं. पण चेहऱ्याला गारवा मिळाला की जास्त उतरतात आणि पाणी कोमट असलं की मजा जाते.

आता बदक. पाण्याखाली बदकाचं हृदय मंदावतं, अशी नोंद पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७० साली केली. बदकाचा चेहरा निवृत्त हेडमास्तरांसारखा. बुडी मारून वर आलं, अंग झटकलं, की जगाकडे पुन्हा तोच तुच्छ कटाक्ष. सील तर याहून पोहोचलेला. पण यांपैकी कुणीही आपल्या मनःशांतीवर व्याख्यान देत नाही, कारण ती शांती नव्हेच. ती काटकसर आहे. हातापायांचं रक्त आखडतं घ्यायचं, ठोके कमी करायचे आणि उरलेला प्राणवायू मेंदू-हृदयासाठी राखायचा. म्हणजे बादलीत तोंड घालून मी स्थितप्रज्ञ होतो तेव्हा शरीराचा समज एवढाच असतो, की हा गृहस्थ बुडतोय.

म्हणूनच ‘डोकं थंड ठेव’ हा सल्ला फुकट वाटणाऱ्यांचा मला राग येतो, आणि त्यांत मीही आहे. ठोके उतरले म्हणून संतापाचं कारण उतरत नाही. मग हा गारवा निरुपयोगी का? मुळीच नाही. तान्ह्या बाळाचं हृदय कधीकधी अचानक मिनिटाला २२०च्या वर पळू लागतं. तेव्हा डॉक्टर बर्फाच्या पाण्याची पिशवी त्याच्या कपाळावर, डोळ्यांपर्यंत, काही सेकंद धरतात. नाक-तोंड मोकळं ठेवून, डोळ्यांवर दाब न देता. सगळ्यांची नजर मॉनिटरच्या रेषेवर. जमलं, तर दाटीवाटीने धावणारी रेषा एकदम अडखळते आणि मग सावकाश, सुटी सुटी चालू लागते. बाळ अर्थातच टाहो फोडतं. ‘जरा शांत हो’ असं त्याला तिथे कुणीही सांगत नाही.