सगळं एका मापात

उजनी धरणाच्या काठानं कंदर-वांगीकडं केळीच्या कुठल्याही बागेत उभं राहून ‘चेअरमन!’ अशी हाक मारा, दोघं-तिघं तरी ओ देतील. त्यातले एक, आमचे, इथं घेतलेत. नाव सांगत नाही. एकाचं सांगितलं तर बाकीचे रुसतील.

२००३ पासून शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली आणि सोसायटी, दूध डेअरी असं करत चेअरमनसाहेब कंपनीपर्यंत पोचले. तिथं त्यांनी आखातात जाणारी पेटी पाहिली. वजन १३ किलो, केळी एका लांबीची, एका जाडीची, अंगावर डाग नाही. तेव्हापासून सभासदही तसेच असावेत असं त्यांना वाटू लागलं.

पहिला हुकूम गमबुटांचा. सगळ्यांना ९ नंबर. “मापं इचारत बसलो तर कंपनी कधी चालवायची?” पाणी ओसरलेल्या गाळात मोटार पुढं सरकवायला गेलेल्या नानांचे पाय वर आले, बूट तिथंच राहिले. चेअरमनसाहेबांनी प्रोसिडिंगला लिहिलं, ‘बुटांबाबत एकमत झाले, पायांबाबत बाकी.’

मग ठिबक. सगळ्यांनी सकाळी ६ ते ८. काळ्या रानात मुळाशी पाणी साचलं, मुरमाडातल्या केळीनं दुपारीच माना टाकल्या. त्यात उन्हाळ्यात धरण उणेत गेलं. पाणी मागं मागं गेलं, तशी माणसं केबल आणि पाइप जोडत त्याच्या मागं पळत होती. सहाच्या ठोक्याला मोटार चालू करायची कुणी? एकसारखी फणी यायला प्रत्येक रानाशी वेगळं वागावं लागतं, हे पेटीवर छापलेलं नसतं.

मासेमारी करणारे काठावरचे तात्या म्हणाले, “चेअरमन, एका मापाच्या जाळ्यात कटलाबी आन् चिलापीबी घावंल व्हय? बारीक भोकाचं टाकलं तर पिल्लंबी जातील. म्होरल्या साली काय धरायचं?”

साहेबांचा दाखला तयार होता. “१९८० ला धरण झालं. त्याआधी गावं निरनिराळी हुती. पाण्याखाली गेली, सगळी सारखी झाली का न्हाई?”

यावर तात्यांनी विडी पेटवली.

शेवटी गुरुजी बोलले. परदेशी बाजारात एके काळी केळीच्या ग्रो मिशेल या एकाच जातीचं राज्य होतं. पनामा मर रोग आला, तेव्हा सगळ्या बागा एकाच जातीच्या, म्हणून रोगाला कुठं अडायला जागाच नव्हती. १९५० च्या दशकात मोठमोठे मळे बसले. मग त्या जागी कॅव्हेंडिश आलं, आपलं जी-नाईन त्याच घराण्यातलं. चेअरमनसाहेब खूश झाले. “बघा! रोगानंसुद्धा भेदभाव केला न्हाई.”

शेवटचा हुकूम लागणीचा. सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावायची. घडही मग एकदमच काढणीला आले. टोळी एक, बागा पन्नास. व्यापाऱ्यानं हे ओळखलं आणि भाव पाडला, तोही सगळ्यांना सारखा.

पुढच्या सभेत ठराव झाला, लागण ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं करावी. चेअरमनसाहेबांनी सही केली आणि खाली एक ओळ जोडली, ‘मात्र सोय सर्वांची एकाच दिवशी असावी.’

यंदा ते बिनविरोध निवडून आलेत.