डे-एंडवाले काका

मुलुंड पूर्वेला नवघर रोडपासून मिठागर रोडपर्यंत कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा, एक तरी काका असे सापडतातच, ज्यांच्याकडे अख्ख्या बिल्डिंगचे कॉम्प्युटर ‘जरा बघायला’ जातात. ते इंजिनिअर नसतात. त्यांचं दुकान नसतं. पैसे घेत नाहीत, त्यामुळे काम रखडलं तरी चिडायची सोय नसते. आमच्या विंगेतले काका बँकेतून निवृत्त झालेले. नव्वदच्या दशकात शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा अर्धा स्टाफ युनियनकडे धावला आणि काका मॅन्युअल घेऊन घरी आले. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, त्यांच्याच गळ्यात. शेवटचं व्हाउचर जुळल्याशिवाय डे-एंड होत नाही आणि डे-एंड झाल्याशिवाय कुणाला घर दिसत नाही, हे ज्याने जन्मभर पाहिलं, त्याचं ‘सॉफ्टवेअर यशस्वीरीत्या काढून टाकले’ एवढ्या एका ओळीवर कसं समाधान व्हावं?

“काढलं ना? मग काय काय काढलं ते दाखव,” काका म्हणतात. आणि तिथून पुढे आपला रविवार त्यांचा.

प्रकार काय असतो, ते काका सोसायटीच्या भाषेत सांगतात. फ्लॅट विकला, माणूस डोंबिवलीला राहायला गेला, पण खाली जिन्यापाशी बोर्डावर नाव तसंच. मग कुरियरवाला रोज तिसरा मजला चढतो, बेल वाजवतो आणि परत येतो. विंडोजचंही हेच. सॉफ्टवेअर गेलं, फोल्डर गेला, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, त्याच्या सर्व्हिसची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामची, नोंद राहिली, तर मशीन चालू झालं की विंडोज इमानाने ती फाइल शोधायला जातं, फाइल सापडत नाही, आणि इव्हेंट लॉगमध्ये ७००० क्रमांकाची तक्रार लिहून पुढच्या कामाला लागतं. रोज. काकांना त्या लॉगची यादी उघडून दाखवण्यात विलक्षण आनंद होतो. “बघ, चार वर्षांपासून बोंबलतंय बिचारं. तू कधी ऐकलंस?”

आपण कशाला ऐकतो! आपण फक्त ‘स्लो झालाय हो’ एवढंच म्हणतो.

काकांचा सरंजाम आटोपशीर. एलआयसीची मागल्या वर्षीची डायरी, चावीच्या जुडग्याला सुतळीने बांधलेला पेनड्राइव्ह आणि त्यात ऑटोरन्स नावाचं एक छोटं साधन. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांच्या सिसइंटर्नल्सचं हे साधन. ती कंपनी २००६ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. या दोघांबद्दल काका जुन्या, सज्जन ब्रँच मॅनेजरबद्दल बोलावं तसं बोलतात. मशीन सुरू होताना जे जे म्हणून आपोआप उठतं, त्या सगळ्याची यादी ऑटोरन्स देतं आणि ज्याची फाइलच जागेवर नाही ती ओळ पिवळी करतं. पिवळी ओळ दिसली की काका चष्मा नाकावर खाली ओढतात. विंडोजचं स्वतःचं एमएसकॉन्फिग हे साधन त्यांना विंडोज ९८ पासून तोंडपाठ. २०१२ साली विंडोज ८ मध्ये त्यातली स्टार्टअपची यादी उचलून टास्क मॅनेजरमध्ये नेली, हे त्यांना अजून रुचलेलं नाही. “न विचारता काउंटर हलवला,” असं त्यांचं म्हणणं.

पण पिवळी ओळ दिसली की उडवली, असला उतावळेपणा काकांकडे नाही. आधी ती नोंद पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करायची, तिला फ्लॅट नंबरचं नाव द्यायचं. मग नुसती टिक काढायची. मशीन रिस्टार्ट. मग आठ दिवस थांबायचं. पुढच्या रविवारी काही अडलं नसेल तरच ती कायमची पुसायची. लोकांना हे आठ दिवस काढवत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा विचारलंच, “काका, एवढ्याशा कामाला दोन फेऱ्या?”

“चेक वटायला टाकलास की लगेच खात्यात रक्कम दिसते का?”

“हल्ली दिसते.”

काका गप्प बसले. त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं.

पुसण्याचा विधी मात्र बघण्यासारखा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनच्या हक्काने उघडायचा, ‘एससी डिलीट’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव. इथे बँकेतला मेकर-चेकर लागू. टाइप करणारे काका मेकर. घरातल्या कुणीतरी चेकर व्हायचं, पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि ‘बरोबर’ म्हणायचं. शिवाय सर्व्हिसला नावं दोन, एक दाखवायचं आणि एक खरं. कमांडला खरंच लागतं, म्हणून गुणधर्माची खिडकी उघडून ते डायरीत उतरवायचं, आणि नंतर ती खिडकी आठवणीने बंद करायची. सर्व्हिसेसची यादी उघडी राहिली तर विंडोज ‘काढण्यासाठी खूण केली आहे’ एवढंच सांगतं आणि १०७२ नंबरचा एरर देऊन हात वर करतं. काकांनी एन्टर दाबेपर्यंत पोहे गार झालेले असतात.

घाईचं फळ काय, याचा एक दाखला त्यांच्याकडे कायम तयार. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने काकांना न बोलावता तीच कमांड पॉवरशेलमध्ये मारली. एरर नाही, काही नाही. मुलगा खूश. सर्व्हिस मात्र जिथल्या तिथे. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ‘एससी’ हे फाइलीत मजकूर लिहिण्याच्या कमांडचं टोपणनाव आहे. त्याने निमूटपणे ‘डिलीट’ नावाची एक फाइल तयार केली आणि तिच्यात त्या सर्व्हिसचं नाव लिहून ठेवलं. तिथे ‘एससी डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहावं लागतं. ही गोष्ट काकांनी गणपतीच्या मांडवात, कोजागरीला गच्चीवर आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत, लिफ्टच्या मुद्द्यावर चर्चा चालू असताना सांगितली आहे.

घाटकोपरला पंतनगरात त्यांची भाची टॅक्सची कामं करते. तिचा कॉम्प्युटर म्हणजे काकांचं तीर्थक्षेत्र. अशिलांची रिटर्न भरायची म्हणजे डिजिटल सहीची टोकनं आली. टोकनची मुदत संपली की नवं घ्यायचं, नवं वेगळ्या कंपनीचं, म्हणजे ड्रायव्हरही वेगळा. जुनी टोकनं ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून पडलेली आणि त्यांचे प्रोग्राम मात्र रोज सकाळी उठून यूएसबीकडे डोळे लावून बसलेले. हे पिवळ्या ओळीवाले नव्हेत. हे जिवंत आहेत, मेमरी खातात, आणि यांना घालवलं की फरक खरोखर पडतो. अँटिव्हायरसचंही तसंच. त्याची मुळं इतकी खोल जातात की बहुतेक कंपन्या काढण्यासाठी वेगळं साधन देतात, आणि काका आधी तेच वापरतात. उगाच हाताने उपटायला जात नाहीत. काही गोष्टी तर राहिलेल्याच बऱ्या. आयट्यून्सबरोबर येणारी बाँजूर नावाची सर्व्हिस आयट्यून्स काढल्यावरही मागे राहते, कारण नेटवर्कवरचा प्रिंटर शोधायला दुसऱ्या कुणाला ती लागत असू शकते. तिला हात लावण्याआधी काका घरात प्रिंटर आहे का, तो कुठल्या खोलीत आहे आणि शाई शेवटची कधी भरली होती, एवढं विचारतात. शेवटच्या प्रश्नाचा सर्व्हिसशी काही संबंध नसतो.

आता खरं सांगायचं तर त्या पिवळ्या ओळी पुसून मशीनचा वेग काही वाढत नाही. नसलेली फाइल शोधायला विंडोजला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. मशीन रखडतं ते जुन्या फिरत्या हार्डडिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवा, काकांची गरज उरत नाही. हे काकांनाही पक्कं ठाऊक आहे. मी तसं म्हणालो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “वेगाचं कोण बोलतंय? हिशेब जुळायला नको?” आणि मग मुद्द्याचं बोलले. त्या रिकाम्या जागी उद्या कुणी त्याच नावाची भलतीच फाइल आणून ठेवली, तर विंडोज तिला जुनी ओळख समजून सगळ्या हक्कांनिशी चालू करेल. म्हणजे मुद्दा अगदीच हुकलेला नाही.

काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी साडेपाचला उठतात, दाढी करतात, शर्टाच्या खिशाला पेन लावतात. काकू अजून डबा भरतात, कारण भरला नाही तर ते अकरापर्यंत घरात येरझाऱ्या घालतात. तो डबा ते डायनिंग टेबलाशी बसून एकच्या ठोक्याला उघडतात. ही सवय मोडत का नाही, असं काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “राहू दे. कुणाला त्रास आहे त्याचा?”

अंधेरीचा पुतण्या एमआयडीसीत कामाला. त्याचा लॅपटॉप कंपनीचा, अ‍ॅडमिनचे हक्क कंपनीकडे. दिवाळीत तो समोर उघडा असतो, सोळा प्रोग्राम आपोआप उठताना दिसतात आणि काकांना हात लावता येत नाही. भाऊबीजेच्या जेवणात त्यांचं लक्ष नसतं. उलट १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि बिल्डिंगमधली निम्मी मशीनं विंडोज ११ च्या अटीत बसेनात, तेव्हा काकांना पुन्हा मार्चएंड आल्यासारखं झालं. त्यांनी नवी डायरी काढली.

तुमच्या विंगेत असे काका असतील तर त्यांना रविवारी सकाळी दहाच्या आत बोलवा. पाणी साधं द्या, फ्रीजमधलं नको. चाकांच्या खुर्चीवर बसवू नका. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड आधी शोधून ठेवा. तो नसेल तर काका चहा घेतात, डायरीत ‘पार्टी तयार नाही’ असं लिहितात आणि घरी जातात.