2070 चा हिशेब कोण मांडणार?

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने 2070 पर्यंत निव्वळ-शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. शब्द द्यायला पैसे पडत नाहीत. हिशेब मांडायला पडतात. असे हिशेब मांडणाऱ्या अभ्यासकांना एकत्र आणायला नीती आयोगाने 2020 मध्ये ऊर्जा-मॉडेलिंगचा मंच उभारला, तोही अमेरिकेच्या 'यूएसएड' या सरकारी मदतसंस्थेला सोबत घेऊन. ती संस्था 2025 मध्ये वॉशिंग्टनने गुंडाळली. स्वयंपाक आपला, चूल शेजाऱ्याची!

"आधी सौर पॅनेल लावा, कागदी मॉडेलं कशाला?" हा आक्षेप वरवर रास्त आहे. पण विजेची पाळी रात्रीची असली, की मोहगावचा संत्रेवाला ओलितासाठी टॉर्च घेऊन मोटर सुरू करायला निघतो. ऊन मात्र दुपारी पडते. हे सगळे पंप दुपारी चालवले तर पेंचच्या खाणींतला किती कोळसा वाचेल, ट्रान्सफॉर्मर तो भार सोसेल का, हे पॅनेल सांगत नाही, आकडेमोड सांगते. मॉडेलं चुकतात, हेही खरे. म्हणूनच ती सरकारी पैशाने बनलेली आणि कुणालाही तपासता येतील अशी हवीत. एका वीजकेंद्राच्या खर्चापुढे संशोधकांचे पगार किरकोळच. तेवढेही जड वाटत असतील, तर 2070 हे उद्दिष्ट नव्हे, अंदाजपंचे दाहोदरसे!