चिरंजीव पाण्यात पडणार आहेत

हॅम्बुर्ग, जूनअखेर

ती. स्व. आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "दारामागे ते काळं काय लटकतंय? कपडा आहे की माणूस?" त्यावर चिरंजीवांनी घाईघाईने फोन माझ्या हातून काढून घेतला आणि बाबांशी सांगलीच्या पावसाबद्दल बोलायला सुरुवात केली. तुम्ही काळजी करत बसाल म्हणून होईपर्यंत काही सांगायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. पण काळजी एकट्या सुनेनेच का करायची? म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तो वेटसूट. रबरी, अंगाला चिकटून बसणारा आणि भाड्याने आणलेला. जुलैत इथे ट्रायथलॉनची मोठी स्पर्धा असते, तिच्यात तुमच्या चिरंजीवांनी चाळिशी उलटल्यावर नाव घातलंय. आधी पोहायचं, लगेच सायकल चालवायची, लगेच पळायचं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ 2000 सालच्या सिडनीपासून आहे. तिथे दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं असतं. चिरंजीवांनी साधारण त्याच्या निम्म्याचा प्रकार घेतलाय. त्याला 'स्प्रिंट' म्हणतात, आणि घरात त्या शब्दाला हसायला बंदी आहे.

हे खूळ मुळात कुणाचं, असं बाबा विचारतीलच. अमेरिकेत सॅन डिएगोला 1974 साली पहिल्यांदा या नावाने शर्यत झाली. तिच्यात पळणं आधी आणि पोहणं शेवटी होतं. आता पोहणं आधी असतं आणि तेच बरं, दमलेल्या माणसाला शेवटी पाण्यात सोडणं काही खरं नाही. पुढे 1978 साली हवाईत 'आयर्नमॅन' सुरू झाली, तीही पोहणारा तगडा की पळणारा या वादातून. 15 जण उतरले, 12 जणांनी पूर्ण केली. दुसऱ्या आलेल्या गड्याचं पळताना पाणी संपलं, तर त्याच्या माणसांनी त्याला बिअर पाजली. ही गोष्ट चिरंजीव फार भक्तिभावाने सांगतात. मिलिंद सोमणने 2015 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिचला आयर्नमॅन पुरी केली, ही गोष्ट त्याहून भक्तिभावाने. हल्ली आरशासमोरचा वेळही वाढलाय.

आता सायकल. बाबांच्या सायकलला डायनॅमो होता, कॅरियर होतं, चेनला कव्हर होतं आणि चाकात आईंची साडी अडकू नये म्हणून जाळी होती. चिरंजीवांच्या सायकलला स्टँड नाही, कॅरियर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. जितकं कमी तितकी किंमत जास्त. सेकंडहँड घेतली, तरी आकडा सांगत नाही, कारण तुम्ही लगेच शंभराच्या वर कशाने तरी गुणाल. घरी आणल्यावर कळलं की तिला पेडलही नाहीत. ती वेगळी घ्यायची असतात म्हणे, ज्याच्या त्याच्या बुटाच्या जातीप्रमाणे!

हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं बसवलेली असावी लागतात, नाहीतर सायकल आत घेत नाहीत. पडल्यावर उघडी नळी पोटात घुसते, म्हणून. आपल्या सायकलचं एक बूच गायब होतं. दुकानं बंद, रविवार, आणि जर्मनीत रविवारी टाचणीसुद्धा मिळत नाही. शेवटी वाईनच्या बाटलीचं बूच तासून बसवलं, अगदी घट्ट बसलं. बाटली शेजाऱ्यांची होती.

सामानाची यादी फ्रिजवर लावलेली आहे. ज्या मुलाला तुम्ही पाचवीपर्यंत दप्तर भरून दिलंत, त्याने स्वतःच्या हाताने यादी केली, हे तुम्हाला वाचूनही खरं वाटणार नाही. दर शनिवारी सगळं डायनिंग टेबलावर रुखवतासारखं मांडून ठेवतात आणि आम्हाला ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागतं. गॉगल दोन, एक उन्हासाठी आणि एक ढगांसाठी. नंबर लावायचा इलॅस्टिकचा पट्टा, कारण सायकलवर नंबर पाठीमागे हवा आणि पळताना पुढे, तर पट्टा गरकन फिरवायचा. बुटांना गाठ न मारता चढवता येतील अशा रबरी लेसेस. मानेला वेटसूट घासतो म्हणून तिथे चोपडायचं मलम. बुटांत टाकायची पावडर. घोट्याला बांधायची चिप, टायर काढायचे चमचे, हातपंप आणि वाटेत खायची जेल. जेल मी चाखून पाहिली. मीठ पडलेला जॅम, दुसरं काही नाही.

यातला वेटसूट लागेलच असंही नाही. स्पर्धेच्या दिवशी पाणी मोजतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे या अंतराला पाणी 22 अंशांच्या वर गेलं की वेटसूट चालत नाही, आणि 16 च्या खाली उतरलं की घातलाच पाहिजे. म्हणजे नेणं आलंच.

घालायचा कसा, हे मात्र पाहण्यासारखं. पायात आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवायची म्हणजे पाय सरकतो. मग नखं न लावता, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून तो इंच इंच वर ओढायचा, कारण नख लागलं की रबर फाटतं आणि अनामत रक्कम जाते. पोटापाशी काम थांबतं. तिथे मी मागून, धाकटा पुढून, आणि चिरंजीव श्वास रोखून. चेन पाठीवर असते, तिला लांब दोरी असते. पहिल्यांदा तो वरपर्यंत चढला तेव्हा चिरंजीव लाल झाले होते आणि बोलताही येत नव्हतं. ती शांतता आम्हाला फार आवडली.

तुम्ही विचाराल, एवढ्या बायामाणसांत कपडे कुठे बदलतात? कुठेच नाही. आत एक बिनबाह्यांचा सूट आधीच घातलेला असतो. त्यातच पोहायचं, त्याच्यावरच सायकल, त्यातच पळायचं, तो अंगावरच वाळतो. उघडं होण्याला नियमातच मनाई आहे, तेव्हा निश्चिंत असा. पण वेटसूट काढून, हेल्मेट चढवून, सायकल ओढून बाहेर पडायचं हे सगळं चालू घड्याळात. शाळेची रिक्षा खाली हॉर्न मारत असायची आणि हे बाथरूममध्ये गात असायचे, असं तुम्हीच सांगता ना? त्या माणसाने आता बूट घालायला वीस सेकंदांच्या वर लागले की उसासा टाकावा!

त्याचीही तालीम झाली, बिल्डिंगच्या मागच्या अंगणात. थोरली पंच. नियम असा की हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल अडकवून ठेवल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. चिरंजीवांनी सवयीने आधी सायकल उचलली. थोरलीने दंड म्हणून त्यांना मोजून उभं केलं. "बाबा, नियम म्हणजे नियम," म्हणाली, तेही जर्मनमध्ये. पोरगी इथलीच झाली हो. खालच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून गंभीरपणे बघत होत्या. दंड झाल्यावर त्यांनी मान डोलावली.

बाबांना सांगण्यासारखी गोष्ट पोहण्याची. पोहायचं आहे आल्स्टरमध्ये, म्हणजे ऐन शहराच्या मधोमध असलेल्या तळ्यात. युंगफर्नश्टीगच्या पुलाखालून जावं लागतं आणि तिथे क्षणभर अंधार असतो. पाणी असं की आपलाच हात कोपरापुढे दिसत नाही. शिवाय चहूबाजूंनी लोकांचे हात-पाय लागतात. सरावाला श्टाटपार्कच्या तळ्यावर जायला लागले, तर पहिल्या दिवशी किनाऱ्यापासून फार लांब गेलेच नाहीत. स्विमिंग टँकमध्ये तळाशी निळी पट्टी असते, तिच्या आधाराने पोहायची सवय. इथे पट्टी नाही, म्हणून वाट वाकडी होते. आता दर काही हातांनी मगरीसारखी मान वर काढून समोरचा टॉवर बघायला शिकलेत. मी म्हटलं, बाबा पाठीला डबा बांधून कृष्णेत शिकले आणि पुरातही आयर्विन पुलाजवळ उतरायचे, त्यांना कुणी निळी पट्टी आखून दिली होती? त्यावर चिरंजीव काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी तळं पार करून आले, ओठ निळे, आणि येताच म्हणाले, "हे बाबांना सांग." तर सांगितलं.

माझं मत विचाराल, तर सामानाची हौस जास्त आहे, पण कष्टही खोटे नाहीत. पहाटे पाचला उठतात. सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव करतात तेव्हा पाय लाकडाचे होतात, जिना धरून चढतात. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. एवढा नेम यांनी बारावीलाही पाळला नसेल.

आता कामाचं. या खेळात एक नियम सगळे पाळतात, स्पर्धेच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. नवा बूट नाही, नवं खाणं नाही. चिरंजीवांनी सगळा सराव तुम्ही एप्रिलमध्ये इथे करून ठेवलेल्या शेंगदाणा-खजुराच्या लाडवांवर केलाय आणि डबा संपलाय. मी केलेले लाडू त्यांनी अर्धा मिनिट चघळले आणि म्हणाले, "छान आहेत, पण हे नवीन झाले." मी लाटणं हातात घेतलं नाही, याचं श्रेय मला द्या. तेव्हा शेंगदाणे किती, खजूर किती, गूळ किती, हे ग्रॅममध्ये लिहून व्हॉट्सअॅपवर लगेच पाठवा. "अंदाजाने" लिहू नका. ते काटा घेऊन बसलेत.

तुमची सून